वरूडचा संत्रा आणि निजलेली सार्क

अंबिया बहाराचा संत्रा उतरू लागला की अमरावती जिल्ह्यातल्या वरूड तालुक्यात दिवस उजाडायच्या आत बगिच्यांत माणसे पोचतात. गडी फळ देठाशी कापून खाली देतात, बाया झाडाखाली बसून माल निवडतात, मोठे फळ एका कॅरेटमध्ये, मध्यम दुसऱ्यात आणि चुरी तिसरीकडे, आणि दुपारपर्यंत धुऱ्यावर कॅरेटांच्या थप्प्या उभ्या राहतात. गेल्या काही हंगामांपासून या थप्प्यांजवळ उभ्या असलेल्या व्यापाऱ्याच्या तोंडी एकच वाक्य ऐकू येते, की माल चांगला आहे, पण बांगलादेशचा भाव धरून सौदा करता येणार नाही. मी आयुष्यभर शाळेत इतिहास-भूगोल शिकवला आणि निवृत्तीनंतर वडिलोपार्जित चार एकर बगिच्यात लक्ष घातले. माझ्या धुऱ्याला लागून ज्यांचे शेत आहे त्या शेजाऱ्यांनी एका सकाळी, हातातले फळ कॅरेटमध्ये न टाकता तसेच धरून, मला विचारले, "सर, टॅक्स त्यायनं लावला, मंग मार आपल्याले काऊन बसते?"

हा प्रश्न साधा नाही. आयात शुल्क ढाक्यात वाढते, ते भरतो तिथला आयातदार, महाग फळ घेतो तिथला ग्राहक, आणि तरी तोटा वरूड, मोर्शी, काटोल, नरखेडच्या शेतकऱ्याच्या पदरात कसा पडतो, याचे अर्थशास्त्रातले उत्तर कोणीही देईल: मागणी घटते, गाड्या थांबतात, तिकडे जाणारा माल देशी बाजारात उतरतो आणि सगळ्यांचाच भाव पाडतो. पण शेजाऱ्यांच्या प्रश्नात आणखी एक प्रश्न दडलेला होता. शेजारचा देश असा निर्णय एका संध्याकाळी घेऊ शकतो आणि त्याला थांबवणारा, निदान आधी सांगायला लावणारा कोणताही नियम आपल्या भागात नाही, हे असे का? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले की माणूस थेट काठमांडूला, सार्क या दक्षिण आशियाई देशांच्या सहकार्य संघटनेच्या सचिवालयाच्या दारात जाऊन पोचतो.

आधी संत्र्याची हकीकत सांगतो. 2019 च्या सुमारास बांगलादेशात भारतीय संत्र्यावर किलोमागे 20 रुपयांच्या आसपास शुल्क पडत होते. ते दरवर्षी चढत गेले आणि 2023 पर्यंत 88 रुपयांच्या घरात पोचले. पुढे त्याने शंभरीही ओलांडली. ज्या फळाला बागेत किलोला वीस-पंचवीस रुपये मिळतात त्यावर सीमेवर चौपट शुल्क बसल्यावर निर्यात निम्म्याहून कितीतरी खाली आली, यात नवल नाही. 2023 च्या अखेरीस राज्य सरकारने या शुल्काच्या निम्म्या रकमेइतके अनुदान निर्यातीला देण्याचा निर्णय घेतला. त्या निर्णयामागची कळकळ मी मान्य करतो. पण आपल्या तिजोरीतून दुसऱ्या देशाचे शुल्क भरणे हा उपाय किती वर्षे पुरेल?

बांगलादेशाने हे वैरापोटी केले, असा समज आपल्याकडे पसरला आहे. तो चुकीचा आहे, आणि तो चुकीचा आहे हे कळल्याशिवाय पुढचा विचार नीट होत नाही. 2022 च्या मे महिन्यात, युक्रेनच्या युद्धानंतर तेल आणि खताच्या किमती भडकल्या आणि डॉलरचा साठा आटू लागला, तेव्हा बांगलादेशाने फळे, फुले, फर्निचर, सौंदर्यप्रसाधने अशा शंभराहून जास्त आयात वस्तूंवर नियामक शुल्क चढवले. त्यात सगळ्या देशांची फळे आली. म्हणजे आमच्या संत्र्याला ढाक्याच्या रागाचा फटका बसला नाही. ढाक्याच्या अडचणीचा बसला. शेजाऱ्याच्या घरी अडचण येणारच. त्या अडचणीच्या दिवसांतही एकमेकांचे काय सांभाळायचे, हे आधी ठरलेले नव्हते, हा खरा दोष आहे.

आमच्या संत्र्याला दूरचा बाजार नाही, हेही इथे सांगितले पाहिजे. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, फळ रसाळ आणि बियांचे असते, झाडावरून उतरल्यावर ते फार दिवस टिकत नाही. दाबाने फुटते, उन्हाने सुकते. युरोपच्या दुकानांत महिनाभर मांडून ठेवायला स्पेनचे घट्ट सालीचे, बिनबियांचे फळ सोयीचे पडते. आमचे फळ ट्रकमध्ये भरून, बाराशे किलोमीटरहून जास्त रस्ता तोडून, बांगलादेशाच्या सीमेवरच्या पेट्रापोल-बेनापोल नाक्यावरून चार-पाच दिवसांत खाणाऱ्याच्या हातात पडेल अशाच बाजारात शोभते. असा बाजार परदेशांत प्रामुख्याने एकच आहे. 2014 मध्ये नागपूर संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळाले. पण भूगोलाने त्याला जे शेजारी दिले आहेत ते बदलून मिळणार नाहीत. शेजाऱ्यांच्या गटाचा प्रश्न दिल्लीतल्या मुत्सद्द्यांना प्रतिष्ठेचा वाटत असेल, आम्हाला तो पोटाचा आहे.

सार्कची कल्पना 1980 मध्ये बांगलादेशाचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष झियाउर रहमान यांनी मांडली आणि 8 डिसेंबर 1985 रोजी ढाक्यात सात देशांनी सनदेवर सह्या केल्या. अफगाणिस्तान 2007 मध्ये आठवा सदस्य झाला. सनदेत दोन कलमे अशी घातली गेली की त्यांनी पुढचे सगळे ठरवून टाकले: प्रत्येक निर्णय एकमताने होईल, आणि दोन देशांमधले वादग्रस्त विषय चर्चेला घेतले जाणार नाहीत. त्या वेळी या कलमांमागे समजूतदारपणा होता. भारत एकटा बाकी सगळ्यांच्या बेरजेपेक्षा मोठा असल्यामुळे लहान देशांना बहुमताचीही भीती होती आणि भारताच्या वर्चस्वाचीही. उलट दिल्लीला धास्ती होती की हे सगळे एकत्र येऊन आपल्यालाच घेरतील. दोन्हीकडच्या भीतीवर उतारा म्हणून ही कलमे आली. पण ज्या गटात एकाच्या नकाराने काम थांबते आणि भांडणाचा विषय काढायलाच मनाई आहे, तिथे भांडण मिटत नाही, काम मात्र थांबते. 2014 च्या नोव्हेंबरमध्ये काठमांडूच्या शिखर परिषदेत सदस्य देशांची मालवाहू वाहने एकमेकांच्या हद्दीतून जाऊ देणारा मोटार वाहन करार पाकिस्तानच्या नकारामुळे अडला. त्यानंतर सार्कची शिखर परिषद झालेलीच नाही.

व्यापाराचा करार झाला होता. साफ्टा, म्हणजे दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करार, 2006 च्या 1 जानेवारीपासून लागू झाला आणि आमच्यासारख्या भाबड्या माणसांना वाटले की आता शेजारच्या देशांत माल न्यायला वाट मोकळी झाली. करार वाचल्यावर कळते की वाट जिथे रुंद व्हायला हवी होती तिथेच ती अडवून ठेवलेली आहे. प्रत्येक देशाने आपापली संवेदनशील वस्तूंची यादी केली आणि त्या यादीतल्या मालाला सवलत नाकारली. शिवाय करारातली कपात मूळ सीमाशुल्काला लागू होते. त्यावर चढवलेले नियामक शुल्क, पूरक शुल्क हे सगळे कपातीच्या बाहेर राहते. दाराची कडी काढायची आणि आतून पाट लावायचा, असा तो प्रकार झाला. दक्षिण आशियातील देशांचा आपसातला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या जेमतेम 5 टक्के आहे, तर आसियान या आग्नेय आशियाई गटाच्या देशांत तो 20 टक्क्यांच्या वर आहे. जागतिक बँकेने 2018 मध्ये हिशेब मांडला होता की दक्षिण आशियातला आपसातला 23 अब्ज डॉलरचा व्यापार 67 अब्जांपर्यंत जाऊ शकतो. यात आमचे संत्रे किती असतील, हा आकडा छोटा असेल; पण वरूड तालुक्यात तो छोटा नाही.

आसियानचे नाव घेतले म्हणून त्याकडे जरा सावकाश पाहू, कारण लहान देशांचा गट आणि त्याच्या शेजारचा बलाढ्य देश यांचे नाते तिथे पन्नास वर्षांहून अधिक काळ घडते-बिघडते आहे. 1967 च्या 8 ऑगस्टला बँकॉकमध्ये पाच देशांनी हा गट बांधला. त्यातले दोन देश, इंडोनेशिया आणि मलेशिया, काहीच काळ आधी एकमेकांशी सशस्त्र संघर्ष करत होते. निर्णय तिथेही एकमतानेच होतात. तरी त्यांनी एक गोष्ट शहाणपणाने केली: चीन, जपान, भारत, अमेरिका या सगळ्यांना त्यांनी आपल्या बैठकीच्या मांडवात बोलावले, मात्र मांडव आपलाच ठेवला. 1976 चा मैत्री आणि सहकार्याचा करार मान्य करा आणि मग या, अशी अट घातली. चीन आणि भारत या दोघांनीही 2003 मध्ये त्यावर सह्या केल्या.

या गटाने चीनला वठणीवर आणले, असे मी म्हणणार नाही, कारण ते खरे नाही. 2012 च्या एप्रिलमध्ये दक्षिण चीन समुद्रातल्या स्कारबरो प्रवाळद्वीपाजवळ फिलिपिन्स आणि चीनची जहाजे समोरासमोर उभी ठाकली आणि त्यानंतर चीनच्या बंदरांत फिलिपिन्सची केळी कीड असल्याचे सांगून अडवण्यात आली. केळीचे कंटेनर धक्क्यावर सडले. ज्याने आपले नाशवंत फळ कधी नाक्यावर अडकलेले पाहिले आहे त्याला त्या बागायतदारांचे काय झाले असेल हे वेगळे सांगावे लागत नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये नॉम पेन्हला आसियानच्या परराष्ट्रमंत्र्यांची बैठक झाली, आणि यजमान कंबोडियाने दक्षिण चीन समुद्राचा उल्लेख होऊ न दिल्यामुळे गटाच्या 45 वर्षांच्या इतिहासात प्रथमच संयुक्त निवेदन निघाले नाही. मोठ्या शेजाऱ्याने एका लहान सदस्याला बाजूला घेतले की गट कसा मुका होतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण नाही. 2016 मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने फिलिपिन्सच्या बाजूने निकाल दिला, चीनने तो मानला नाही, आणि 2002 च्या घोषणेत जिचे वचन होते ती आचारसंहिता वर्षानुवर्षे चर्चेतच राहिली.

मात्र त्याच चीनशी त्याच गटाचा दुसरा व्यवहारही पाहावा. थायलंड आणि चीन यांच्यात भाजीपाला आणि फळांवरचे शुल्क 2003 च्या ऑक्टोबरपासून शून्यावर आले आणि आसियान-चीन व्यापार कराराने ते पक्के केले. थायलंडच्या पूर्वेला चंथाबुरीच्या भागातल्या शेतकऱ्यांनी त्या भरवशावर ड्युरियनची झाडे लावली. ड्युरियन हे आपल्या फणसाची आठवण करून देणारे काटेरी फळ आहे, त्याचे झाडही फळावर यायला वर्षे घेते, आणि आज थायलंडच्या ड्युरियनचा फार मोठा हिस्सा चीनमध्ये जातो. 2025 च्या जानेवारीत चीनने अचानक फळावरच्या घातक पिवळ्या रासायनिक रंगाच्या अंशाची तपासणी सक्तीची केली तेव्हा गाड्या तिथेही थांबल्या, प्रयोगशाळांपुढे रांगा लागल्या. पण शुल्क शून्यच राहिले, कारण ते लिहून दिलेले होते. तपासणीचे प्रमाणपत्र मिळाले की गाडी पुढे जात होती. समुद्राच्या भांडणात गट हतबल झाला, फळाच्या बाबतीत मात्र लेखी नियमाने शेतकऱ्याला आधार दिला. म्हणून गटाकडून कशाची अपेक्षा करायची, हे मी या दोन फळांवरून ठरवतो: सीमेचा वाद तो सोडवणार नाही, झाड लावणाऱ्याला पाच-दहा वर्षांचा भरवसा मात्र देऊ शकतो.

आपल्या घरात याच्या उलट घडत आले आहे. सार्क निजली म्हणून शेजारी देश स्वस्थ बसले नाहीत. प्रत्येक जण स्वतंत्रपणे दुसऱ्या मोठ्या दाराशी गेला. श्रीलंकेचे हंबनटोटा बंदर 2017 मध्ये 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने चिनी कंपनीकडे गेले. बांगलादेशाच्या 97 टक्के वस्तूंना चीनने 2020 च्या जुलैपासून शुल्कमुक्त प्रवेश दिला आणि 2024 च्या डिसेंबरपासून सर्वांत कमी विकसित देशांसाठी तो पूर्ण शंभर टक्के केला. 2025 च्या जूनमध्ये कुनमिंगला चीन, पाकिस्तान आणि बांगलादेश यांचे अधिकारी प्रथमच त्रिपक्षीय बैठकीला बसले. भारतानेही दिले नाही असे नाही. 2011 मध्ये भारताने बांगलादेशासह कमी विकसित सार्क देशांसाठी तंबाखू आणि मद्य अशा 25 वस्तू सोडून सगळा बाजार शुल्कमुक्त केला होता, ही उदारता आपण स्वतःही विसरलो आहोत. पण ज्या गटाच्या नावाने हे दिले, तो गटच उभा नसल्यामुळे देणे दिसेनासे झाले आणि उरली ती दोघांमधली कुरबुर.

या कुरबुरीची किंमत कापूस पिकवणाऱ्यानेही मोजली. 2025 च्या 8 एप्रिलला भारताने बांगलादेशाचा निर्यातीचा माल आपल्या विमानतळ-बंदरांतून तिसऱ्या देशात नेण्याची सवलत बंद केली. आठवडाभरात बांगलादेशाने खुष्कीच्या नाक्यांवरून भारतीय सूत घेणे थांबवले. 17 मे रोजी भारताने तिथले तयार कपडे खुष्कीच्या मार्गाने आणण्यास मनाई केली, कोलकाता आणि न्हावा शेवा ही दोनच बंदरे उघडी ठेवली. दोन्ही बाजूंना आपापली कारणे होती आणि त्यातली काही सबळही असतील. पण यवतमाळच्या काळ्या मातीतला कापूस जिनिंगमध्ये गाठी होऊन, गिरणीत सूत होऊन ढाक्याच्या शिवणयंत्राखाली जातो, आणि या साखळीत सूत अडले की दबाव मागे-मागे येत शेवटी शेतकऱ्याच्या वजनकाट्यापाशी थांबतो. एकमेकांना धडा शिकवण्याच्या नादात या माणसाचे काय होईल, हे विचारण्याची सक्ती करणारी जागा ना दिल्लीत होती ना ढाक्यात. ती जागा गटाने द्यायची असते.

इथे एक आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाणे मला पटत नाही. 2016 च्या 18 सप्टेंबरला उरीच्या तळावर हल्ला झाला, त्यात शहीद झालेल्यांत आमच्या अमरावती आणि शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांतले जवान होते. त्या दिवसांत या भागात चूल न पेटलेली घरे आम्ही पाहिली आहेत. त्यानंतर नोव्हेंबरमध्ये इस्लामाबादला होणाऱ्या सार्क परिषदेला भारताने जायला नकार दिला, बांगलादेश, भूतान, अफगाणिस्तान यांनीही दिला, आणि तो नकार योग्य होता. दहशतवादाला आसरा देणाऱ्या यजमानाच्या मांडवात बसून व्यापाराच्या गोष्टी कराव्यात, असे मी तेव्हाही म्हटले नसते आणि आजही म्हणत नाही.

पण या नकाराने सगळे स्पष्ट होत नाही. पाकिस्तान ज्यात नाही असा गट आपल्याकडे आहे. बिम्सटेक हा बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांचा गट 1997 मध्ये बँकॉकला स्थापन झाला. त्यात बांगलादेश, भारत, म्यानमार, श्रीलंका, थायलंड, नेपाळ आणि भूतान आहेत, म्हणजे एका टोकाला आसियानचे दोन देश आणि दुसऱ्या टोकाला सार्कचे पाच. सचिवालय ढाक्यात आहे. 2025 च्या एप्रिलमध्ये बँकॉकच्या परिषदेत अध्यक्षपद बांगलादेशाकडे आले. या गटाच्या मुक्त व्यापाराचा आराखडा करार 2004 च्या फेब्रुवारीत झाला, आणि दोन दशके उलटून गेली तरी तो करार पूर्ण झालेला नाही. गटाला स्वतःची सनदसुद्धा 2022 मध्ये मिळाली. इथे पाकिस्तानचा अडथळा नव्हता. अडथळा होता तो इच्छेचा, आणि त्यातला मोठा वाटा, सर्वांत मोठा सदस्य म्हणून, आपला आहे. आपल्याला वाटत आले की प्रत्येक शेजाऱ्याशी एकेकटे बोलले की आपला हात वर राहतो. वर राहतो हे खरे, पण समोरचाही मग एकेकटा निर्णय घेतो, आणि त्या निर्णयाला आपला कितीही उंच हात थांबवू शकत नाही. संत्र्याच्या बाबतीत हेच झाले. भूतानसारख्या चिमुकल्या देशाने 2020 च्या 6 डिसेंबरला बांगलादेशाशी प्राधान्य व्यापार करार करून आपल्या 34 वस्तूंना सवलत लिहून घेतली, त्यात त्याची फळेही आहेत. बलाढ्य भारताच्या संत्र्याजवळ असा कागद नाही.

गटाचे नियम लहानांच्या रक्षणासाठी असतात आणि मोठ्याने ते उपकार म्हणून पाळायचे असतात, असे आपल्याकडे गृहीत धरले जाते. माझे म्हणणे याच्या नेमके विरुद्ध आहे. लहान देशाला एका मोठ्या दाराऐवजी दुसरे मोठे दार ठोठावता येते, आणि आपले शेजारी ते करत आहेत. मोठ्या देशातल्या नाशवंत मालाच्या शेतकऱ्याला दुसरे दार नसते. म्हणून नियमाची गरज भारताला, आणि भारतातही सीमेपासून दूर, आमच्यासारख्या एका पिकावर उभ्या असलेल्या भागाला, जास्त आहे.

नियम कोणता हवा, याबाबत मोघम बोलून चालणार नाही. शुल्क शून्य करा ही मागणी आज कोणी मानणार नाही आणि आपण स्वतःही ती पाळू शकणार नाही, कारण आपले वर्तनही काही वेगळे नाही. 2024 च्या सप्टेंबरमध्ये सोयाबीनचा भाव हमीभावाच्या खाली गेला म्हणून आपण कच्च्या खाद्यतेलावरचे प्रत्यक्ष शुल्क 5.5 वरून 27.5 टक्क्यांवर नेले, आणि 2025 च्या मे अखेरीस महागाईपोटी ते 16.5 टक्क्यांवर उतरवले. या तेलात सर्वांत मोठा वाटा इंडोनेशिया आणि मलेशियातून येणाऱ्या पामतेलाचा. तिथल्या बागायतदाराला आणि इथल्या सोयाबीनवाल्याला, दोघांनाही पेरणीच्या वेळी विक्रीच्या वेळचा दर माहीत नव्हता. त्याआधी 2020 च्या जानेवारीत, मलेशियाच्या पंतप्रधानांनी काश्मीरवर केलेल्या वक्तव्यानंतर, आपण शुद्ध पामतेलाच्या आयातीवर निर्बंध घातले होते. आणि कांद्याचे तर सर्वांना आठवत असेल. 2019 च्या सप्टेंबर अखेरीस आपण एका दिवसात कांद्याची निर्यात बंद केली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी दिल्लीत आलेल्या बांगलादेशाच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना यांनी जाहीरपणे सांगितले की आधी कळवले असते तर आम्ही दुसरीकडून सोय केली असती. त्यांची तक्रार आणि माझ्या शेजाऱ्यांची तक्रार एकच आहे.

म्हणून बिम्सटेकमध्ये, आणि सार्क उभी राहील तेव्हा तिच्यातही, एवढा एक नियम भारताने स्वतःहून मांडावा असे मला वाटते: नाशवंत शेतमालावरचे शुल्क वाढवायचे किंवा आयात-निर्यात बंद करायची असेल तर हंगाम सुरू होण्याच्या किमान तीन महिने आधी गटाच्या सचिवालयाला कळवावे, हंगाम चालू असताना दर बदलू नये, आणि निर्णयाच्या दिवशी रस्त्यावर असलेल्या गाड्यांना जुनाच दर लावावा. मूळ सीमाशुल्काबरोबर नियामक आणि पूरक शुल्कही या नियमात यावे, नाहीतर साफ्टाची पुनरावृत्ती होईल. यात कोणाचे सार्वभौमत्व कमी होत नाही. डॉलरची टंचाई आली तर बांगलादेश शुल्क वाढवू शकेल, महागाई आली तर आपण कांदा थांबवू शकू. फक्त अंबिया बहार झाडावर पिकलेला असताना किंवा कांदा खळ्यावर पडलेला असताना ते करता येणार नाही. आपल्यालाही या नियमाने बांधून घ्यावे लागेल, आणि ग्राहकाच्या मतांसाठी रातोरात निर्यातबंदी करण्याची सवय दिल्लीला सोडावी लागेल, हे मी जाणून लिहितो आहे.

हे मांडण्याची वेळही चालून आली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 2021 मध्ये ठरवल्याप्रमाणे बांगलादेश 24 नोव्हेंबर 2026 रोजी सर्वांत कमी विकसित देशांच्या यादीतून बाहेर पडायचा आहे. तो बाहेर पडला की त्या यादीमुळे भारतीय बाजारात मिळणारी साफ्टाची खास सवलत कधी ना कधी संपणार, आणि कपड्यांच्या शुल्कमुक्त प्रवेशासाठी ढाक्याला दिल्लीशी नव्याने बोलावे लागणार. त्या बोलण्यात कपड्याच्या बदल्यात सूत, सुताच्या बदल्यात फळ असा हिशेब मांडता येतो. पण तो मांडणाऱ्याला वरूड-मोर्शीचे नाव माहीत असले पाहिजे. परराष्ट्र व्यापाराचे करार केंद्राच्या अखत्यारीत आहेत हे ठीक, मात्र शुल्काचे अनुदान राज्याच्या तिजोरीतून जाणार असेल तर वाटाघाटीच्या आधी राज्याला आणि संत्रा पिकवणाऱ्या तालुक्यांतल्या बाजार समित्यांना विचारले जावे, एवढी मागणी आमच्या आमदार-खासदारांनी पक्ष बाजूला ठेवून करायला हरकत नाही.

संत्र्याचे कलम पाचव्या वर्षी फळावर येते. आमच्याकडे शेंदुरजना घाटच्या रोपवाटिकांतून कलमे आणतात. पूर्वी सगळे जंबेरीच्या खुंटावर बांधलेले असायचे. आता डिंक्या रोगाला तोंड देणारा म्हणून रंगपूर लिंबाचा खुंट सांगितला जातो. ते रंगपूर म्हणजे बांगलादेशाच्या उत्तरेचे शहर, आणि मी हे सांगितले तेव्हा शेजाऱ्यांनी हातातले रोप उलटे करून त्याच्या मुळ्यांकडे बराच वेळ पाहिले. त्यांची जुनी झाडे गेली, दीड एकर रिकामे पडले आहे. या पावसाळ्यात तिथे पुन्हा संत्रा लावायचा की तूर पेरून मोकळे व्हायचे, हे त्यांचे अजून ठरलेले नाही. मे महिन्यात अठरा-अठरा फुटांवर खड्डे मात्र त्यांनी खणून ठेवले आहेत.